दोन उन्हं जास्तीची

कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला की आत वेगळंच हवामान लागतं. बाहेर दिवाळीचं ऊन पाठ भाजत असतं, आणि आत, बोटांच्या टोकाशी, पहाटेचं दव अजून उठलेलं नसतं. हे दव ओळखणं ही माझी नोकरी आहे. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, मी पंचवीसेक वर्षं गाड्यांपुढे उभा राहून माल पाहतो. हात घालायचा, आतला मूठभर कापूस बाहेर काढायचा, धागा ओढून पाहायचा आणि मग एक सरकी दाढेखाली धरायची. टचकन फुटली तर माल वाळलेला. नुसती दबली तर ओला. माझ्या या हाताला आणि या दाढेला आजूबाजूच्या गावांत मान आहे. घरात नाही. घरात बायको म्हणते, "पापड वाळले का पाहा बरं," आणि मी वाळले म्हणालो की ती ते आणखी एक दिवस गच्चीवर ठेवते.

परवा पाडव्याला यंदाच्या मुहूर्ताची गाडी आली. पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला आमच्याकडे कुंकू लावतात, दुपट्टा-नारळ देतात, वजनकाट्यावर हळद वाहतात. त्या गाडीचं काय झालं ते सांगणारच आहे. पण ताडपत्री उघडली, कापसाचा तो कोमट, किंचित मातकट वास आला, आणि मला आधी गेल्या वर्षीचा हंगाम आठवला. तो सगळा हंगाम मी पोटात एक न फुटणारी ओली सरकी घेऊन हिंडत होतो.

प्राची माझी पुतणी. माझा मोठा भाऊ, दादा, समुद्रपूरजवळच्या आमच्या गावी वावर पाहतो, त्याची ही एकुलती एक. लहान असताना सुट्टीत आमच्याकडे यायची आणि दिवसभर माझ्याबरोबर जिनिंगवर बसायची. तिचा हात गाडीच्या फळीवर पुरायचा नाही तेव्हा मी तिला उचलून धरायचो. "आत घाल हात. अजून आत. काय लागते?" ती डोळे मिटून सांगायची, "थंड." "थंड म्हणजे ओला. ओला माल कधी पुढं जाऊ द्यायचा नाही, ध्यानात ठेव." तिनं ते ध्यानात ठेवलं. आपण सांगितलेल्या शंभर गोष्टींतल्या पोरं नव्याण्णव विसरतात, आणि उरलेली एक अशी घट्ट धरतात की पुढे आपल्यालाच घाम फुटतो.

नागपूरला शिकून ती जर्मनीला गेली, तिकडे पुढचं शिकली आणि एका लहानशा कंपनीत लागली. काम काय? तर कायदे वाचायचे, मालाचे कागद सांभाळायचे, डब्यावर काय छापायचं ते ठरवायचं. माल कसला? मलम आणि तेल. एवढ्यावर आम्ही सगळे खूश होतो. मी ओळखीपाळखीच्यांना सांगायचो, "पुतणी तिकडं कॉस्मेटिकमध्ये कायदा पाहते." ऐकणाऱ्याला कळायचं नाही, मलाही कळायचं नाही, पण वाक्य जड वाटायचं.

मग गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिनं फोनवर मलमाचा डबा दाखवला. झाकणावर हिरवं पान. हाताची बोटं पसरावीत तसं, कडांना करवतीसारखे दात. महाशिवरात्रीला आमच्या गावच्या देवळामागे जे वाटलं जायचं, ते हेच पान. कॉलेजात असताना त्याची एक वाटी जास्त घेऊन मी शेजारच्या गोठ्यातल्या गाईशी तासभर भूगोलावर बोललो होतो. पान मी विसरणं शक्यच नव्हतं.

"अवं प्राची, हे तं भांग हाय!"

"तसं नाही काकाजी. त्याच जातीचं झाड आहे. पण त्यात दोन गुण असतात. एक डोक्यात जातो, दुसरा जात नाही. आम्ही दुसरा घेतो. सीबीडी म्हणतात त्याला."

"आन पहिला?"

"पहिला एका ठरावीक रेषेच्या खाली पाहिजे. रेषेच्या खाली असला तर धंदा, वर गेला तर गुन्हा."

मी उठलो आणि खोलीचं दार लावून घेतलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. बाहेरच्या माणसाला आम्ही हे छाती पुढे काढून सांगतो. त्याच माणसानं मुक्कामाला येऊन हळूच काही विचारलं तर पंख्याकडे पाहतो. अशा जिल्ह्यातल्या, कापसाच्या गाडीतला थेंबभर ओलावासुद्धा न सोडणाऱ्या घरातली पोरगी परदेशात भांगेचे डबे पास करते, ही बातमी माझ्या छातीत मावेना. "दादाले सांगतलं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही नका बोलू काही. मी पाहते." मी ठरवलं की हे गुपित माझ्याबरोबर जळेल. माझ्या गुपितांचा इतिहास पाहता हे ठरवणं धाडसाचंच होतं.

पण भीती किती दिवस टिकणार? तिची जागा हळूहळू हावेनं घेतली. प्राची तिकडच्या बाजारातल्या गोष्टी सांगायची आणि मी बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून फोन कानात कोंबून ऐकायचो. तिकडे म्हणे कुणाला झोप येत नाही म्हणून तेल पाहिजे, कुणाला गुडघ्यासाठी मलम पाहिजे, कुणाला चेहऱ्यासाठी. वयस्क बायका, पोलिसांतून निवृत्त झालेले बाप्ये, सायकल दामटणारे तरुण, सगळे गिऱ्हाईक. एक बाई कुत्र्यासाठी मागायला आली होती.

"कुत्र्याले काऊन?"

"नवीन वर्षाला फटाके फुटतात ना काकाजी, ते घाबरतं."

"मंग तुम्ही दिलं?"

"नाही दिलं. कुत्र्याचा कायदा वेगळा आहे."

त्या आठवड्यात मी मनातल्या मनात समुद्रपूरच्या काळ्या मातीत दोन एकर भांग पेरली, तिला पाणी दिलं, कापली, जहाजात भरली. हे बायकोला एकदा चहा पिताना बोलून गेलो. आता गुपित जळायच्या ऐवजी चहात विरघळलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे हे असं लावलं तर वेचायला मजूर नाही बोलवावे लागत. पोलीस येतात कापायला." माझी निर्यात तिथेच बंद पडली.

खरी गंमत मला तिच्या कामाची वाटायची. दिवसभर ती डब्यावरचे शब्द खोडायची. 'दुखणं कमी होतं' लिहिलं तर ते औषध झालं, त्याला औषधाची परवानगी पाहिजे. 'जिभेखाली दोन थेंब' लिहिलं तर ती खायची वस्तू झाली, त्याला सगळ्या युरोपची निराळी मंजुरी पाहिजे, आणि ती कुणाला मिळता मिळत नाही. मग उरतं काय? कातडीला लावायचं तेल. लोक ते विकत घेतात, घरी नेतात आणि बाटलीवरचं न वाचता करायचं ते करतात.

"आन फायदा होते का खरंच?" मी एकदा विचारलं.

"काकाजी, नेमकं तेच मला कुठं लिहायचं नाही."

मी खूप हसलो. लिहिलेलं एक, सर्वांना ठाऊक असलेलं दुसरं, आणि मधे बसून शब्द मोजणारी आमच्या घरची मुलगी. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढल्याचा तिला असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

डिसेंबर लागला. जिनिंगच्या फाटकापुढे गाड्यांची रांग लागली. या दिवसांत आमच्या गावांवर पांढरं काहीतरी सतत उडत असतं. ते बाभळीच्या काट्यांना अडकतं, विजेच्या तारांवर बसतं, माझ्या मिशीत राहतं. सकाळी आठला एक म्हातारबा ओल्या मालाची गाडी घेऊन येतो आणि ओलावा मोजायचं यंत्र त्याला नको तो आकडा दाखवतं. मग तो माझ्याकडे पाहतो. "काऊन बाप्पा, मशीनले सर्दी झाली का तुमच्या?" मी म्हणतो, "बाबाजी, सर्दी मालाले हाय." तो म्हणतो, "अन् तुमचा हात काय म्हन्ते?" माझा हात तेच म्हणतो. पण हात माणसाचा असतो, त्यामुळे त्याच्याशी भांडता येतं.

अशाच एका दिवशी, दुपारच्या साडेचारला, प्राचीचा फोन आला. तिकडे तिची जेवायची सुट्टी असते. ती जेवत नव्हती, रडत होती.

तपासणी खात्याची माणसं कंपनीत आली होती. गोदामातल्या वाळलेल्या फुलांचे नमुने घेऊन, सील करून गेली होती. फुलांचाच पुढे अर्क काढतात. नमुना रेषेच्या वर निघाला तर सगळा माल जाळायचा. कंपनी एवढीशी, मालकीणबाई आणि चार माणसं. ती बंदच पडेल. आणि प्राचीचा तिथं राहायचा परवाना त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोड्या दिवसांची मुदत, मग सामान बांधायचं.

"पण तू तं आधी तपासून घेतलं असशील ना?"

"घेतलं होतं काकाजी. शेतकऱ्याकडून माल आला तेव्हा रेषेच्या खाली होता. जरासाच खाली. पण तो मला ओला वाटला."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

"मी हात घातला, तर आत थंड लागलं. दुसरं कुणी असतं तर तसाच रचून ठेवला असता. मी पसरवला. काडी मोडून पाहिली, टच वाजली नाही. म्हणून आणखी दोन दिवस ठेवला. खिडकीपाशी, आपल्या गच्चीवर ठेवतो तसा." आणि मग तिनं मला ते सांगितलं जे मला पंचवीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. वाळवल्यानं पाणी उडतं. तो डोक्यात जाणारा गुण उडत नाही. वजन कमी होतं आणि गुण तेवढाच राहतो, म्हणजे प्रमाणात तो वाढतो. आता खात्यातले लोक माल आहे तसा मोजतात की काही निराळं करून मोजतात, हे मालकीणबाईंनाही नक्की सांगता येईना. आहे तसा मोजला, तर तिच्या दोन उन्हांनी माल रेषेच्या पलीकडे गेलेला असू शकतो.

"मी चांगल्यासाठी केलं काकाजी."

कापूसवाल्याच्या घरची पोरगीच ही चूक करू शकते. आम्हाला जन्मापासून एकच भीती शिकवलेली, ओलाव्याची. वाळलेला माल पकडला जाईल ही कल्पना आमच्या कुठल्याच पिढीला आली नसणार. आणि हे शिकवलं कुणी? मी. तिला उचलून धरून, डोळे मिटायला लावून.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली. मी हो म्हणालो. माझ्यावर आता दोन गुपितं झाली.

पुढचे दिवस मी काम फार वाईट केलं. प्रत्येक गाडीत हात घालताना वाटायचं, वाळलेला असला तर? चांगला खडखडीत माल पाहून मी कण्हलो असं आमचा काटेवाला आजही सांगतो. यंत्रावरची रेषा मला आत्तापर्यंत माझ्या बाजूची वाटायची. आता कळलं की रेषेच्या समोर गाडी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला काय वाटत असेल. एका शेतकऱ्याला मी उगाचच चहा पाजला. त्यानं संशयानं विचारलं, "माल वापस करून राह्यले का?"

एका रविवारी न राहवून एसटीनं गावी गेलो. सडकेच्या दोन्ही बाजूंनी पराटी, म्हणजे कापसाची झाडं, अर्धी पांढरी, अर्धी तपकिरी उभी होती. वेचणीच्या पहिल्या दिवशी वहिनी वावरात सीतादही करते. कापसाच्या एका झाडाला कुंकू लावून दहीभात वाहायचा, मग वेचायला लागायचं. लहानपणी प्राची त्यातला अर्धा दहीभात झाडाला आणि अर्धा स्वतःला वाहायची. हे आठवून मला बसमध्ये उगाच भरून आलं. शेजारच्या बाईनं खिडकी पुढे सरकवून दिली. तिला वाटलं, मला बस लागते.

अंगणात ताडपत्रीवर कापूस पसरलेला, आणि दादा अनवाणी पायांनी तो खालीवर करत होता. वहिनीनं उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे ठेवल्या.

"प्राचीचा फोन येते का तुले?" दादानं विचारलं.

"येते ना. मजेत हाय."

"कंपनीचं?"

"मस्त. मलम खपून राह्यलं."

दादानं पायानं कापसाची एक लाट उलटवली. "आन भांग?"

शेंग माझ्या घशात आडवी झाली. "कोनती भांग?"

"लेका, जिचं मलम हाय ते. मले तं तिनं नोकरी लागली त्याच दिवशी सांगतलं. तुले नोको सांगू म्हने, काकाजी घाबरते."

"माह्या फोनमंदी फोटोबी हाय ना भाऊजी," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पान गोजिरवानं हाय."

म्हणजे ज्या गुपितासाठी मी दारं लावली, गिळून गिळून घसा सुजवला, ते या घरात डब्याच्या फोटोसकट नांदत होतं. इतकं हलकं वाटलं मला, इतकं हलकं वाटलं की त्या भरात तोंड उघडं राहिलं आणि दुसरं गुपितही त्यातून बाहेर पडलं. नमुने, रेषा, परवाना, दोन उन्हं, सगळं. बोलून झाल्यावर समजलं की मी बोललो.

दादा खाली वाकला, कापसात हात घालून बसला. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"वाळवला म्हनून गुन्हा?"

"होऊ शकते म्हन्ते."

"तिले वाळवाले कोनं शिकवलं?"

"मीनं," मी म्हणालो.

"मीनंबी." त्यानं एक सरकी उचलली, दाताखाली धरली. टच वाजलं. "ओला माल देऊन पास झाली असती, तं मले तोंड दाखवाले जागा नसती. वाळवून नापास झाली तं काय, घरी येईन. येऊ दे. तिची खोली हाय, तिचं वावर हाय." मग वहिनीकडे न पाहता म्हणाला, "तू तिले फोन लाव. म्हनाव, बाबाले ठाव हाय, जेवत जाय टायमावर."

वहिनीनं फोन लावला. पलीकडे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मी ताडपत्रीवर जाऊन कापूस खालीवर करायला लागलो, आणि दादा म्हणाला, "तुह्या पायाले लाथा माराले नाई सांगतलं, हळू."

संक्रांत दोन दिवसांवर असताना जिनिंगमध्ये प्राचीचा व्हिडिओ कॉल आला. मशीनच्या आवाजात मला ती फक्त दिसत होती, ऐकू येत नव्हती. पळत रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी रचलेल्या शेडमागे गेलो. स्क्रीनवर कापसाचा पुंजका बसला होता, तो पुसला. ती एक कागद कॅमेऱ्यापुढे नाचवत होती. जर्मन भाषेतला, मला त्यातलं अवाक्षर कळेना.

"काकाजी, पास! खाली आहे! रेषेच्या खाली आहे!"

"दोन उन्हं देऊनही?"

"तेच तर! ते लोक मोजायच्या आधी सगळ्यांचाच माल वाळवतात. सारखा. पूर्ण. ओला आणला काय, कोरडा आणला काय, आधी सर्वांचं पाणी काढतात आणि मग मोजतात. माझ्या दोन उन्हांनी काहीच फरक पडला नव्हता!"

मी रुईच्या गाठीवर बसलो. हसू येत होतं आणि थांबत नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, दूरच्या देशात कुणी कोरड्या मनाच्या माणसानं आमच्या पोरीसाठी सापळा लावून ठेवलाय. आणि तो माणूस तर आधीच विचार करून बसला होता. कुणी ओलं आणेल, कुणी भीतीपोटी जास्त वाळवेल, तर दोघांनाही आधी एका पातळीवर आणावं आणि मग काय ते पाहावं. नियम करणाऱ्याच्या घरीही कुणीतरी गच्चीवर काहीतरी वाळत घालत असणार.

एक शेतकरी शोधत मागे आला. "साहेब, गाडी उभी हाय. रडून राह्यले का?"

"डोयात कापूस गेला," मी म्हणालो. आमच्या धंद्यात ही एक सोय आहे.

दादाला सांगितलं तर तो फोनवर नुसता "हं" म्हणाला. मग विचारलं, "किती उन्हं दिलती म्हने?" मी म्हणालो, "दोन जास्तीची." तो म्हणाला, "बराबर." पण मागून वहिनी सांगत होती की तिळाचे लाडू त्यानं स्वतः वळले, आणि एकही गोल नाही.

यंदा दिवाळीला प्राची सुट्टी घेऊन आली. मलम आणता येत नाही, नियमात बसत नाही, म्हणून रिकामा डबा आणला, साबणानं धुऊन, उन्हात वाळवून. बायकोनं त्यात देवापुढच्या वाती ठेवल्यात. वरती ते पान, आत आमचा कापूस. संध्याकाळी दिवा लावताना झाकण उघडतं आणि मला अजून एक क्षण दार लावून घ्यावंसं वाटतं.

तर ती मुहूर्ताची गाडी. दुपट्टा-नारळ झाला, ताडपत्री निघाली. गाडीवाल्यानं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या प्राचीकडे बोट केलं. "हे कोन बाप्पा?"

"पुतणी. जर्मनीत माल पास करते."

"मंग ताई, आमचा करा ना पास. तुमच्या काकाजीच्या मनात काय हाय काय नाई."

मी बाजूला झालो. आता तिला उचलायची गरज नव्हती. तिनं बांगडी वर सरकवली, कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं, थंड लागलंय.

"भाऊ, थोडा ओला आहे," ती म्हणाली. "दोन उन्हं द्या."

गाडीवाल्याचं तोंड पडलं. "मुहूर्ताचा माल हाय ताई. जास्त वाळला, तं काही बिघडन-गिघडन."

"नाही बिघडत." तिनं एक सरकी उचलून दाढेखाली धरली आणि माझ्याकडे पाहून हसली. "जर्मनीहून लिहून आणलंय."